गरम वडा आणि कालची रद्दी

वडा कढईतून काढायचा, तेल निथळेपर्यंत झाऱ्यावर धरायचाही नाही आणि थेट रद्दीच्या तुकड्यावर ठेवून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा प्रकार अजून किती वर्षे चालू राहणार आहे? बटाटा चांगला असतो, बेसन चांगले असते, एखाद्या गाडीवर तेलही रोज ताजे असते; पण हे सारे नीट करून झाल्यावर शेवटच्या क्षणी तो पदार्थ खाण्यास अयोग्य केला जातो, याचा मला मनस्वी संताप येतो.

वर्तमानपत्राची शाई पूर्णपणे वाळत नाही, ती कागदात मुरते. तिच्यात खनिज तेल असते, म्हणूनच पेपर वाचून होईपर्यंत आपली बोटे काळी होतात. कोरड्या बोटांना जी शाई लागते, ती उकळत्या तेलातून नुकत्याच निघालेल्या वड्याला किती लागत असेल? वड्याच्या पिवळ्या आवरणावर बातमीचा मथळा उलटा उमटलेला मी पाहिला आहे आणि त्यातली अक्षरे ओळखू येत होती. त्यावर कळस म्हणजे, 'जास्तीचे तेल निघून जाते' या समजुतीने लोक तोच कागद वड्यावर दाबून धरतात, म्हणजे शाई स्वतःच्या हाताने वड्यात उतरवतात. शिवाय हा कागद छापखान्यापासून रद्दीच्या दुकानापर्यंत कोणकोणत्या जमिनीवर पडला आणि कोणाकोणाच्या हातांतून गेला, याचा काही पत्ता नसतो.

हे कोणाला ठाऊक नाही असेही नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2016 मध्ये याविषयी सूचना काढली, 2018 च्या वेष्टनविषयक नियमांत वर्तमानपत्रात अन्न बांधण्यास आणि साठवण्यास सरळ मनाई केली आणि 2023 मध्ये पुन्हा एकदा शाईतील शिसे व इतर रसायनांबद्दल इशारा दिला. तरीही आमच्या स्टेशनबाहेरच्या एकाही गाडीवरचा रद्दीचा गठ्ठा हललेला नाही. मी स्टीलची प्लेट मागितली, तर त्या प्लेटवर आधी पेपर अंथरून मग त्यावर भजी वाढण्यात आली. हरकत घेतल्यावर उत्तर मिळाले, "ताई, एवढी माणसं रोज खातात, कुणाला काय झालंय?" शिसे एका भज्याने माणसाला आडवे करत नाही, ते शरीरात साठत जाते, हाडांत जाऊन बसते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणते. त्याच गाडीवर शाळेतून येणारी मुले रोज उभी असतात, हे त्या माणसाला दिसत नाही का?

आणि केवळ गाडीवाल्यांवर चिडून भागणार नाही. दिवाळीत घरोघरी चकल्या, शंकरपाळे आणि कडबोळी कढईतून काढून कुठे पसरतात? पेपरवरच! एरवी शेंगदाण्याच्या चिक्कीच्या पाकिटावरची तारीख तपासणाऱ्या, भाजी तीन पाण्यांनी धुणाऱ्या घरांतही हेच चालते आणि कोणी बोललेच तर 'आमच्या आईपासून असेच करतो' म्हणून त्यालाच गप्प केले जाते. पुरणयंत्रापासून सोऱ्यापर्यंत सगळे असलेल्या स्वयंपाकघरात एक मोठी चाळण आणि तिच्याखाली ठेवायला परात सापडत नाही, हे मी मान्य करणार नाही. गाडीवाल्यालाही कोरा कागद किंवा पानांचे द्रोण परवडत नसतील, तर त्याने वड्यामागे एक रुपया जास्त घ्यावा. तो मी आनंदाने देईन, पण तो पेपर आता माझ्या हातात ठेवू नये.