हीटरने मायलेज घटतं का?

‘एसीसारखंच हीटरनेही मायलेज घटतं’ हे एका लेखातलं विधान पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या बाबतीत पटत नाही. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाची ताकद खातो. हीटर मात्र रेडिएटरमधून एरवी बाहेर फेकली जाणारी उष्णताच आत घेतो, वर लागते ती ब्लोअरपुरती, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्यापुरती वीज.

इंजिनातलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, साधारण ९० अंशांच्या आसपास तापतं आणि डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून, म्हणजे हीटर कोअरमधून फिरतं. जुन्या अनेक गाड्यांत नॉब फिरवला की व्हॉल्व्ह या गरम पाण्याचा प्रवाह कमी-जास्त करायचा, त्यामुळे फरक जाणवायला वेळ लागे. आताच्या बहुतेक गाड्यांत हीटर कोअर सतत गरमच असतो. नॉबने हलते ती आतली झडप. किती हवा कोअरवरून जाईल आणि किती बाजूने, हे ती ठरवते, आणि दोन्ही हवा पुढे एकत्र होतात. ही रचना मला फार आवडते, कारण फरक लगेच कळतो. पावसाळ्यात काचेवर बाष्प धरलं की एसी आणि हीटर एकत्र लावता येतात तेही यामुळेच: हवा आधी कोरडी होते, मग गरम.

गाडी बराच वेळ चालूनही हवा कोमटच येत असेल तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला आहे का आणि कूलंट कमी झालं आहे का, हे आधी तपासून घ्या. कूलंट कमी असेल तर प्रश्न हीटरचा नसून इंजिनाचा आहे, टाळू नका.

इलेक्ट्रिक गाडीत मात्र तापलेलं इंजिनच नसतं. तिथे हीटर बॅटरीवर चालतो आणि रेंज खरोखर घटते.