पेंद्याच्या तोंडी डिझेलचा भाव

पुस्तक हातात येऊन तीन आठवडे झाले. तेवढ्यात एकच प्रश्न अकरा जणांनी विचारलाय. (पतसंस्थेत कॅशला बसते, मोजायची खोडच आहे.) "इंग्रजीतलं कोणाकोणाचं वाचलंय तुम्ही?" नारायणगावच्या बाईनं विज्ञान कादंबरी लिहिली म्हणजे कुठून तरी उचललेलीच असणार, हे बोलत कोणी नाही, पण चेहऱ्यावर असतं.

तर एकदाच सविस्तर सांगते.

वडिलांची चहाची टपरी होती. गुढीपाडव्याच्या आसपास आमच्या गावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फडाचा बोर्ड, आत मॅनेजर आणि त्याची वही. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख धरतात, सुपारी, म्हणजे खेळाची बिदागी, ठरवतात. घासाघीस चालू असताना चहा लागतो, आणि तो पोचवणारी मी, नऊ-दहा वर्षांची. विठाबाईंचं हे गाव, पण आमच्या घरातल्या बायकांनी तमाशा बघायचा नाही असा दंडक होता. हातात किटली असलेल्या पोरीला मात्र कोणी अडवत नाही. जत्रेच्या रात्री मी कनातीच्या फटीतून बघायचे.

एकदा गौळण रंगात आली होती. काळ द्वापारयुग, गवळणी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या, कृष्णानं वाट अडवलेली. मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला दणकट गडी, कृष्णाला म्हणाली, "आरं सोड की, जुन्नरची शेवटची येष्टी चुकंल." पेंद्या म्हणाला, "येष्टी गेली मावशे. डिझेल महागलंय, आता दुधात पाणी बेतानं घाल."

तंबू हसून कोसळायचा बाकी होता. आणि एवढ्या गर्दीत एकानंही उठून विचारलं नाही की द्वापारात एसटी आली कुठून! पुढे रात्रभर वग चालला. त्यातला राजा प्रधानाला हुकूम सोडता सोडता आमच्या सरपंचाची खरडपट्टी काढत होता, तरी कोणाचा धागा तुटला नाही. कालप्रवासाची गोष्ट लिहायला बसले तेव्हा काळ उलटसुलट करायची मला कधी भीती वाटली नाही, ती या मावशीमुळे.

दुसरी गोष्ट खोडदची. गावापासून जवळच, तिथे आभाळातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी मोठी दुर्बीण आहे. सातवीत सहल गेली होती. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्या; १४ एका जागी, बाकीच्या १६ तीन दिशांना लांबवर पांगलेल्या. मला वाटायचं तबकडी म्हणजे पत्र्याची परात असेल. खाली उभं राहिल्यावर आरपार आभाळ दिसलं. नुसती तारांची जाळी! सर म्हणाले, ज्या रेडिओ लहरी पकडायच्यात त्या इतक्या लांब असतात की त्यांना ही भोकं जाणवतच नाहीत, वारा तेवढा निघून जातो. मला आईची चाळण आठवली. ती पीठ सोडते, कोंडा अडवते. इथे वारा सोडायचा आणि तारा अडवायचा.

राहुटी आणि तबकडी एका तालुक्यात असताना मी परग्रहवासी न्यूयॉर्कला कशाला उतरवू? एका प्रकाशकांनी तसं सुचवलं होतं बरं का. "तमाशा काढा, नायिका परदेशात ठेवा, चालेल." मी नमस्कार करून हस्तलिखित परत आणलं.

लिहायची वेळ पहाटे साडेचार ते सहा. नंतर पाणी, डबे, पतसंस्था. चार वर्षं लागली. पहिला खर्डा जुन्या डायऱ्यांत, दुसरा फोनमध्ये बोलून. 'पल्सार' (स्वतःभोवती गरगर फिरत ठरावीक ठेक्यानं रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा) म्हटलं की फोन 'पल्सर' लिहायचा. त्याचंही बरोबर आहे म्हणा. आमच्याकडे पल्सर म्हणजे मोटरसायकल, एकशेपन्नासची, हप्त्यावर घेतलेली. मग छपाईच्या वेळी फॉन्ट बदलताना प्रत्येक 'ऱ्या'चे तुकडे झाले. 'ताऱ्यांचा' ठिकठिकाणी 'तार यांचा' झाला. रडू आलं होतं.

सगळ्यात जास्त घाम काढला तो वेला पल्सारनं. हा तारा स्वतःभोवती सेकंदाला अकरा वेळा फिरतो. त्याच्या स्पंदनांचा आवाज केला तर हलगीची घाई ऐकल्यासारखं वाटतं. आणि अधूनमधून तो अचानक किंचित वेग घेतो. त्याला 'ग्लिच' म्हणतात. माझ्या कादंबरीतला म्हातारा ढोलकीवाला तो आवाज ऐकतो आणि एका क्षणात म्हणतो, "लय पुढं गेली." काय झकास प्रसंग लिहिलाय म्हणून मी खूश! एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना वाचायला दिलं. ते म्हणाले, "ताई, वेगातला हा फरक दहा लाखांत एखाद-दोन भाग असतो. कुठल्याच कानाला कळणार नाही."

प्रसंग काढून टाकणार होते. मग कॅशियरचा हिशोब कामी आला. दहा लाखांत दोन भाग धरले, आणि जुना ठेका नव्या ठेक्याशेजारी सतत वाजत ठेवला, तर साधारण साडेबारा तासांत एक अख्खा ठोका पुढे जातो. रात्री नऊ ते पहाटे पाच म्हटलं तर दोन-तृतीयांश. म्हणजे दोन्ही ठेके कानात घालून म्हाताऱ्याला रात्रभर बसवलं तर त्याला कळणारच! आणि रात्रभर बसायची सवय ढोलकीवाल्याइतकी कोणाला असते? प्रसंग तीन ओळींचा होता, अठरा पानांचा झाला. पुस्तकातली चांगली पानं तेवढीच, असं माझं मत.

'विज्ञानकथा हे आपलं नव्हेच' म्हणणारे मला जेवढे खटकतात, तेवढेच 'हे सगळं आपल्या पुराणांत होतंच' म्हणणारेही. दोघांनाही गोष्टीशी देणंघेणं नसतं, मालकी कोणाची एवढंच बघायचं असतं. पेंद्याला कळतं की एसटी द्वापारात नव्हती. कळतं म्हणूनच विनोद होतो.

खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर सरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. जगाला ठाऊक असलेल्या माणसाला नाव लपवावंसं वाटलं, कारण त्याला फक्त गोष्टीचा निकाल हवा होता. माझं नाव लपवायची गरज नाही, ते कोणाला माहीतच नाही. पण इंग्रजीत काय वाचलं ते नंतर विचारा. आधी गोष्ट वाचा.

आमच्या गल्लीतल्या नानांनी चाळीस वर्षं फडात ढोलकी वाजवली. आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ती अठरा पानं मी त्यांना वाचून दाखवली. बोटं गुडघ्यावर चालूच होती. संपल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "ताई, समदं पटलं. पर एवढं इमानानं वाजवतोय तो, त्याला सुपारी दिली कोणी?"