लेखनकौशल्यात उत्तीर्ण कसे व्हावे (शक्यतो न लिहिता)

विद्यार्थी मित्रहो, पदवी हवी तर लिहिता येतं हे सिद्ध करावं लागेल, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. सिद्ध करायचंय, लिहायचं नाहीये.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 लागू झाल्यापासून पदवीला भाषेचे 'एईसी' पेपर आलेत. पूर्ण नाव एबिलिटी एनहान्समेंट कोर्स, म्हणजे क्षमता वाढवायची. ती मुळात आहे हे धरून चाललेत, केवढा हा मोठेपणा! 8 क्रेडिट, एका क्रेडिटला 15 तास, म्हणजे कागदावर 120 तास भाषा. त्यातून डेज, गॅदरिंग, परीक्षा आणि 'आज सर आले नाहीत' वजा करा. जे उरतं ते हजेरीपटावर.

सगळ्यात आधी गेटसमोरचा झेरॉक्सवाला गाठा. खरा विभागप्रमुख तोच. सेमिस्टर आणि विषय सांगितला की तो विचारेल, "मागच्या वर्षीचं देऊ की नवीन?" मागच्या वर्षीचंच घ्या, ते एकदा पास झालेलं असतं. स्पायरल मारून वर प्लॅस्टिकचं कव्हर लावा. ऋणनिर्देशात सरांचं नाव तेवढं बदला. नाही बदललंत तरी फार बिघडत नाही. आमच्याकडे एकाने निवृत्त झालेल्या सरांचे मनःपूर्वक आभार मानून 20 पैकी 17 मिळवले.

'हस्तलिखितच पाहिजे' अशी अट असेल तर मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करा आणि एआयने दिलेलं उतरवत जा. मध्ये वाचू नका, वाचलं की हात थांबतो. एका मुलाने निबंधाच्या शेवटी 'हवे असल्यास मी हे अधिक सोप्या भाषेत लिहून देऊ शकतो' हे वाक्यही सुवाच्य अक्षरात उतरवलं होतं. वर पट्टीने अधोरेखित. त्याखाली बरोबरची खूण आहे. खूण माझी आहे.

हो, मी तपासायचो. तासिका तत्त्वावर. म्हणजे पैसे शिकवलेल्या तासाचे, घरी नेलेल्या गठ्ठ्याचे नाहीत. एका तुकडीचे 120 असाइनमेंट. एकाला पाच मिनिटं दिली तरी दहा तास. आणि अशा तुकड्या तीन, दोन वेगवेगळ्या कॉलेजांत, मध्ये एसटी. तेव्हा तपासणाऱ्याला काय दिसतं ते ओळखा: समास आखलाय का, पानं किती, शेवटी तारीख आणि सही. ऱ्हस्व-दीर्घाची काळजी नको. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या गेटवर लागलेल्या फ्लेक्सवर 'अभीजात' होतं. फ्लेक्सला क्रेडिट नसतात, हे मान्य.

आता पत्रलेखन. हमखास गुण. उजवीकडे तारीख, प्रति, विषय, महोदय, 'उपरोक्त विषयास अनुसरून', शेवटी 'आपला विश्वासू, अ. ब. क.'. ओळख उघड होऊ नये म्हणून खरं नाव लिहायचं नाही, हे शाळेपासून हाडीमाशी खिळलेलं असतंच. एवढं पाठ झालं की तुम्ही भाषासमृद्ध.

माझ्या वर्गातल्या एका मुलीला यात पैकीच्या पैकी होते. पुढे तिला अनामत रक्कम परत हवी होती. ऑफिसच्या खिडकीवर काका म्हणाले, "अर्ज लिहून आण." तिने तिथेच वहीचं पान फाडलं आणि दोन मिनिटांत अर्ज लिहिला. समास सोडलेला, विषय अधोरेखित, भाषा निर्दोष. खाली आपला विश्वासू, अ. ब. क.

काकांनी आवकचा शिक्का मारून क्रमांक टाकला. अर्ज आत गेला. आठवड्याने शेरा घेऊन बाहेर आला: 'नियमानुसार कार्यवाही व्हावी.' खाली साहेबांची सही. पैसे अजून मिळालेले नाहीत. अर्जदाराची फाइल सापडत नाही म्हणे.