३१ सप्टेंबरला वेळेवर हजर राहा

पहिली गोष्ट मनाशी पक्की धरा: देशाबाहेर का काढू नये, हे सांगायला कोर्टात हजर व्हा, अशी नोटीस तुम्हाला चुकून आली आहे. अमेरिकेतलं इमिग्रेशन कोर्ट असतं ते भिंतीवरून उड्या मारून येणाऱ्यांसाठी. आपण विमानाने आलो, बॅगेत मेतकूट होतं, इथे मास्टर्स केलं, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये दरवर्षी गणपतीची वर्गणी देतो. नोकरी गेली, अर्ज नामंजूर झाला आणि स्टेटस, म्हणजे इथे राहण्याची परवानगी, संपलेलं असलं की तुमच्या-आमच्यासारख्यांनाही नोटीस काढायची, असं धोरण फेब्रुवारी २०२५ मध्ये आलं खरं. पण तुम्ही वकिलाच्या नादी लागू नका. मंडळातल्या काकांना फोन करा. त्यांचं ग्रीन कार्ड तीस वर्षांपूर्वी झालं, त्यामुळे आजचा कायदा त्यांना तोंडपाठ असतो.

नोटिशीवरची तारीख मात्र नीट बघा. जून २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सुनावलं की स्थळ-वेळ नसलेली नोटीस ही नोटीसच नव्हे. सरकार आज्ञाधारक. त्यांनी तारखा घातल्या. कुणाला मध्यरात्रीची वेळ मिळाली, कुणाला ३१ सप्टेंबर. ३१ जानेवारी २०१९ हा दिवस निदान कॅलेंडरात तरी होता, म्हणून त्या दिवशी हजाराहून जास्त माणसं ठिकठिकाणच्या कोर्टांबाहेर थंडीत रांगा लावून उभी राहिली. कडेवर मुलं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला तो कागद. दारात कळलं, आज तुमचं नाव यादीतच नाही. तारीख खोटी दिसते म्हणून घरी बसायची सोय नाही हं! ती खरी निघाली आणि तुम्ही नसलात, तर तुमच्या पाठीमागे देशाबाहेर काढण्याचा हुकूम होतो. ट्रॅफिक होता म्हणालात तर न्यायाधीश सहानुभूतीने ऐकतील. ऐकतीलच फक्त.

घर बदललंत? पोस्टात कळवलं म्हणजे झालं, असं समजून निवांत राहा. खरं तर कोर्टाला पाच दिवसांत एक फॉर्म, इमिग्रेशन खात्याला दहा दिवसांत दुसरा, आणि कोर्टाच्या फॉर्मची प्रत सरकारी वकिलाला. एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं, असं होत नाही. आपल्याकडे भाऊबंदकीतही निरोप याहून लवकर पोचतात. इकडे तुमचं सुनावणीचं पत्र जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत, पिझ्झाच्या कुपनांखाली शांतपणे पडून राहील.

कोर्ट म्हणजे कोर्ट, असाही समज ठेवा. इथले न्यायाधीश न्यायसंस्थेतले नव्हेत, न्याय खात्याचे नोकर. त्यांचे साहेब म्हणजे ॲटर्नी जनरल, आणि निकाल पसंत पडला नाही तर साहेब तो स्वतःकडे घेऊन फिरवू शकतात. वरपक्ष त्यांचा, भटजीही त्यांच्याच घरचा. वकील आणायचा हक्क तुम्हाला आहे, खर्च मात्र तुमचा. चोरीच्या आरोपीला सरकारी वकील मिळतो. तुमचा मामला दिवाणी, त्यात फक्त देश जातो. लहान मुलांनाही हाच नियम. तीन-चार वर्षांच्या मुलांना इमिग्रेशन कायदा शिकवता येतो, मी शिकवलाय, त्यांना कळतो, असं एका ज्येष्ठ न्यायाधीशांनी शपथेवर सांगितलं होतं. २०१६ मध्ये ते छापूनही आलं. तेव्हा तुमचं वय काढू नका.

आता शेवटचं. मे २०२५ पासून एक आनंदाची बातमी मिळू शकते: सरकारी वकील स्वतः उठून म्हणतो, आमची केस काढून टाका. पेढ्यांची ऑर्डर देण्याआधी कॉरिडॉरमध्ये डोकावून बघा. न्यूयॉर्कच्या २६ फेडरल प्लाझा या कोर्टाच्या इमारतीत लिफ्टपाशी पकडून न्यायला आलेली, तोंड झाकलेली सरकारी माणसं उभी असायची. केस संपली की न्यायाधीशाचं छत्र संपतं, आणि मग न्यायाधीशापुढे न नेताच झटपट रवानगीचा मार्ग मोकळा. अर्थात तो मार्ग भिंतीकडून आलेल्यांसाठी. तुम्ही विमानाने आलात.

तरी गाडीची किल्ली बायकोकडे देऊन जा. मीटर दोन तासांचंच असतं.