खुलासा : बीटलची स्प्रिंग कापण्याचा मेसेज चुकीचा आहे

"जुनी एअर-कूल्ड फोक्सवॅगन बीटल खाली घ्यायची (म्हणजे तिची उंची कमी करायची) तर ग्राइंडरने स्प्रिंगचं एक वेटोळं कापा, दहा मिनिटांचं काम" असा मेसेज सध्या फिरतोय. कृपया तसं करू नका.

बहुतेक बीटलना कॉइल स्प्रिंग नसतेच. गाडीखाली वाकून पाहिलं तरी कळतं : पुढे एकावर एक दोन आडव्या नळ्या, त्यांत पोलादी पट्ट्यांचे जुडगे, मागच्या आडव्या नळीत टॉर्शन बार. भार पडला की हे पीळ खातात आणि स्प्रिंगचं काम करतात. कॉइल स्प्रिंग आहे ती फक्त १३०२ आणि १३०३ या सुपर बीटलना, तीही पुढेच. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

मागची उंची बारच्या दात्यांवर बदलते. आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आतला एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेरचा साधारण ८. दोन्हीकडे उलट दिशेने एकेक दाता सरकवला तर फरक एका अंशाहूनही कमी, इतकं बारीक जमतं. वर्कशॉप मॅन्युअलमध्येही स्प्रिंग प्लेटचा (बारच्या बाहेरच्या टोकावर बसणाऱ्या, चाकाकडे जाणाऱ्या पट्टीचा) कोन अंशांतच दिलेला असतो. मात्र ही प्लेट आधारावरून सुटताना जोरात खाली येते. जॅकने पेलून धरल्याशिवाय हात घालू नका, बोटं जातील.

स्विंग ॲक्सलच्या गाडीत (जिथे मागचे अर्धे ॲक्सल गिअरबॉक्सपाशी वरखाली झुलतात आणि चाकंही त्यांच्यासोबत कलतात) मागची बाजू फार खाली नेली, तर चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या कडेला झिजतात.

तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.