साखर सोडल्याने गाठ उपाशी मरत नाही

‘रक्तात आम्ल वाढलं की कॅन्सर होतो. साखर बंद करा, लिंबूपाणी घ्या, गाठ विरघळेल. १९३१चं नोबेल याच शोधाला मिळालं. बायोप्सी आणि केमो टाळा, माणूस त्यानेच दगावतो.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. घरात नुकतंच निदान झालेल्यांना तो हमखास येतो, म्हणून उत्तर द्यायला बसले.

जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांना १९३१ मध्ये नोबेल मिळालं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या एन्झाइमच्या शोधासाठी. ऑक्सिजन असतानाही गाठीतल्या पेशी ग्लुकोजपासून भरपूर लॅक्टिक आम्ल बनवतात, हे त्यांचं वेगळं निरीक्षण. म्हणजे आम्ल गाठीतून येतं, आम्लातून गाठ नाही. रक्ताचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५च्या आसपास धरून ठेवतात. लिंबूपाण्याने फार तर लघवीचा बदलेल.

साखरेचा मुद्दा लोकांना पटतो, कारण सोबत पेट स्कॅनचा फोटो असतो. किरणोत्सारी फ्लोरीन-१८ जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात, तासभर निवांत पडून राहायला सांगतात, मग स्कॅन. गाठ चमकते, खरंय. पण त्याच फोटोत मेंदूही लख्ख चमकतो! ग्लुकोज सगळ्याच शरीराला लागतं. खाण्यातून मिळालं नाही तर यकृत ते तयार करतं, त्यासाठी स्नायूंतली प्रथिनंही मोडली जातात. गाठीचं काही अडत नाही, माणूस मात्र वाळत जातो. आधीच वजन उतरलेल्या पेशंटच्या ताटातला घास असा काढून घेतला जातो, याचा मला मनापासून राग येतो. लठ्ठपणाने काही कॅन्सरचा धोका वाढतो, तेव्हा एरवी गोड बेतानेच खावं. पण तो उपचार नव्हे.

कॅन्सरचा मूळ बिघाड असतो जनुकांत. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, तेव्हा चुका होतात. तंबाखूचा धूर आणि अतिनील किरण त्यात भर घालतात. बहुतेक चुका दुरुस्त होतात. पण बिघडलेल्या पेशीला थांबवणारं टीपी५३सारखं जनुकच निकामी झालं आणि आणखी बदल साठले, की ती पेशी विभागतच राहते. याला बहुधा कित्येक वर्षं लागतात.

बायोप्सीत गाठीचा तुकडा तपासायला काढतात; तिच्या सुईमुळे पेशी पसरणं क्वचित घडतं. म्हणूनच हाडाच्या सार्कोमात, म्हणजे हाडातच सुरू झालेल्या कॅन्सरात, सुई कुठून घालायची ते सर्जन आधी ठरवतात. पण तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर कुठल्या जातीचा, औषध कोणतं, हे बहुतेक वेळा कळतच नाही.

केमोचा त्रास खोटा नाही. ती भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. केसांची मुळं, आतड्याचं अस्तर, रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा त्यात सापडतात. अस्थिमज्जा सावरावी म्हणूनच केमोच्या दोन सायकलमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, अनेकदा तीन आठवडे ठेवतात, आणि या काळात ताप आला तर थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. केमो येण्याआधी तीव्र ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जायचं. आज त्यातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात, उपचार पूर्ण मिळाले, तर दहापैकी सुमारे नऊ मुलं जगतात.