‘हे वेल्डरचं काम आहे’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

नमस्कार भाऊ. ‘एक कलारसिक’ असं नाव टाकून तुम्ही माझ्या भंगारातल्या बैलाच्या लेखावर जे लिहिलं ते काल रात्री वाचलं, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचलं, आणि दिवसभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहायला बसलो. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की भंगाराला वेल्डिंगचे टाके मारून बैल उभा केला तर ते शिल्प होत नाही, ‘हे वेल्डरचं काम आहे, कलावंताचं नाही’, दोन पावसाळ्यात गंजून परत कबाड्याकडे जाईल, असल्या वस्तूंनी शहर भंगारखाना दिसतं, आणि दिल्लीच्या पार्कचं साल चुकलं, ‘आधी अभ्यास करा, मग लिहा’.

साल चुकलं हे खरं आहे. सराय काले खांजवळचं, भंगारातून शिल्पं उभी केलेलं वेस्ट टू वंडर पार्क फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झालं, मी २०१८ लिहिलं होतं. दुरुस्त केलं, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. पण भाऊ, एक आकडा चुकला म्हणून ‘आधी अभ्यास करा’? ओळख ना पाळख, नाव लपवून यायचं आणि मास्तर पोराला झापतो तसं झापायचं, ही कुठली रीत? नीट सांगितलं असतं तरी मी ऐकलंच असतं, आतापर्यंत सगळ्यांचं ऐकत आलो आहे.

आता वेल्डरचं बोलू. तुम्ही तो शब्द शिवी दिल्यासारखा वापरला म्हणून सांगून राहिलो, माझे बाबा वेल्डर आहेत. हिंगण्याच्या एमआयडीसीत २६ वर्षं फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम केलं त्यांनी, मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर आणि आत पत्र्याखाली हेल्मेट घालून. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे डाग आहेत, मी लहानपणी ते मोजायचो. कधी आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगमगाट, डोळ्यांना लागला की रात्री डोळ्यात रेती गेल्यासारखं व्हायचं आणि आई बटाट्याच्या गार चकत्या कापून पापण्यांवर ठेवायची. त्या माणसाला कलेतलं काय कळतं, हे तुम्ही एका ओळीत ठरवून टाकलं.

बैलाच्या मानेचंच सांगतो, कारण मूळ लेखात ते लिहायचं राहून गेलं होतं. मान ट्रकच्या पाट्यांची आहे, जुन्या लीफ स्प्रिंगची. मी डिसेंबरात ते पाटे थेट वेल्ड केले, साधा रॉड लावून, आणि छान दिसते मान म्हणून फोटो काढून झोपलो. पहाटे अंगणात ठण्ण करून आवाज आला. टाक्याच्या कडेने पाटा सरळ तडकला होता. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो, थंड लोखंडावर टाका मारला की आजूबाजूचं गार लोखंड ती उष्णता झटकन ओढून घेतं आणि टाक्यालगतचा भाग काचेसारखा ठिसूळ होतो. बाबा बाहेर आले, तडा बघितला, मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गॅसने दोन्ही टोकं आधी तापवली, पाण्याचा थेंब टाकला की तडतडून उडेल इतकी, मग कमी हायड्रोजनचा, टाक्याला तडा जाऊ न देणारा रॉड शेकून वापरला आणि टाका झाल्यावर वर चुलीची राख दाबून रात्रभर हळूहळू गार होऊ दिलं. आज तीन वर्षं झाली, ती मान जागची हललेली नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. वेल्ड करण्याआधी बाबा तो पाटा हातात घेऊन जवळजवळ दोन तास बसले होते. मी सरळ लावला होता, बैल समोर बघत होता. त्यांनी पाटा उलटा केला, थोडा आडवा वळवला, म्हणाले, ‘असा ठेव, मागून घुंगराचा आवाज आला की तो असा बघतो.’ बास. तोपर्यंत माझं ते लोखंड होतं, तिथून पुढे तो बैल झाला. ते बघणं वेल्डरचं की कलावंताचं ते तुम्हीच सांगा भाऊ, मला तर त्यात फरकच दिसत नाही.

वशिंडाला सागवान आहे, नागपूरच्या महाल भागातल्या पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं टोक, लकडगंजात एका आरामशीनवाल्याकडे पडून होतं. तुळईची जुनी खाच तशीच दिसते, ती बुजवली नाही. लाकूड पावसाळ्यात रेषांच्या आडवं फुगतं, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही, म्हणून बोल्टची भोकं आडवी लांबट ठेवली, नाहीतर पहिल्याच श्रावणात फाटलं असतं. गळ्याखाली लोंबणारी कातडी सायकलच्या चेनींची आहे, वारा आला की हलते.

आणि तुम्ही अभ्यासाचं काढलंच आहे तर ऐका. स्पेनचा शिल्पकार खुलिओ गोन्सालेस १९१८ मध्ये पॅरिसजवळच्या रेनॉच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकला आणि पुढे त्यानेच पिकासोला लोखंड जोडून शिल्प करायला मदत केली. पिकासोने १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, दोनच वस्तू. अमेरिकेचा शिल्पकार डेव्हिड स्मिथ तरुणपणी मोटारीच्या कारखान्यात कामाला होता आणि दुसऱ्या महायुद्धात रेल्वे इंजिनं आणि रणगाडे वेल्ड करायचा. आपले नेक चंद चंदीगडला पीडब्ल्यूडीत रस्त्यांचे इन्स्पेक्टर होते, वर्षानुवर्षं लपूनछपून फुटक्या बांगड्या, कपबशा, मोडकं सामान जमवून त्यांनी रॉक गार्डन उभं केलं, ते १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलं, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. यातल्या कोणाला तुम्ही जाऊन म्हणाल, हे कारागिराचं काम आहे म्हणून?

आणि तान्ह्या पोळ्याला नागपूरची पोरं लाकडी नंदी घेऊन फिरतात, सीनिअर भोसला पॅलेसमधला मोठा नंदी बघायला सगळं गाव जातं, तो सुताराच्या हातचा आहे म्हणून कोणी तोंड वाकडं करत नाही. लाकडाला एक न्याय आणि लोखंडाला दुसरा, असं कसं?

गंजण्याबद्दल सध्या एवढंच सांगतो की गंज रोखायला रेड ऑक्साइडचा रंग मारलाय, पाणी साचू नये म्हणून पोटाखाली भोकं ठेवलीत, बाकी पुढे कधी लिहीन. शहर भंगारखाना दिसतं वगैरे, त्यावर मला काही बोलायचं नाही, ते तुमचं मत आहे, ठेवा.

थोडं कडक लिहिलं गेलं असेल. पण बाबांनी तुमची ती ओळ माझ्या मोबाईलवर वाचली, चष्मा काढून ठेवला आणि अंगणात जाऊन बैलाजवळ बसले, ते बघितल्यावर मला गोड बोलता येत नाही. तुम्ही नागपुरातच असाल तर या, पत्ता मेसेजमध्ये पाठवतो. रविवारी सकाळी या, बाबा घरी असतात, चेनींना हात लावून बघा. दुपारी मात्र नको, लोखंड इतकं तापतं की चटका बसतो.